अर्धा पासवर्ड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसते. कॉम्प्युटर शिकलेली बाई मी, कारणाशिवाय काही घडतं हे मला पटतच नाही. तरी हे लिहितेय, कारण मनातून जात नाही...

१९९७ साल. केडगावला सासर, नगरला एका ऑफिसात टायपिस्ट. कॉम्प्युटर विभागात बढती हवी तर पदव्युत्तर डिप्लोमा लागणार होता, आणि वयाच्या अटीमुळे तो माझा शेवटचा चान्स. प्रोजेक्टला जोडीदार मिळाले जामखेडचे बाळासाहेब, शाळेत शिक्षक. विषय डेटा सिक्युरिटी. फाइलला एकच पासवर्ड, पण अर्धा मला ठाऊक, अर्धा त्यांना. एकमेकांना सांगायचा नाही. तीनदा चुकला की फाइल कायमची पुसली जाणार. केवढी अक्कल पाजळली होती आम्ही!

तोंडी परीक्षेच्या दिवशी अकरा वाजले तरी बाळासाहेबांचा पत्ता नाही. बाहेरून आलेले परीक्षक सारखे घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, उघडताय की नापास लिहू?"

मी माझा अर्धा भाग टाकला, पुढे अंदाजाने त्यांच्या मुलीचं नाव. चूक. मग त्यांच्या गावाचं. तेही चूक. तिसऱ्यांदा माझा भाग टाकला आणि पुढे काय टाकावं सुचेना. कीबोर्डवरून हात काढून मी पदराने घाम पुसायला लागले.

तेवढ्यात पडद्यावर एक चांदणी उमटली — पासवर्डच्या अक्षराऐवजी चांदणीच दिसायची. मग थांबून दुसरी. बाळासाहेब एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करायचे... अगदी त्याच चालीने सहा चांदण्या. फाइल उघडली. परीक्षकांना वाटलं मीच टाकला. मी भीतीने गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

बाळासाहेब दीडला आले. आष्टीजवळ एसटी बंद पडली होती. परीक्षक निघून गेलेले. मी पास, ते गैरहजर. फाइल उघडली कशी, त्यांनी विचारलं. मी घडलं ते सगळं सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "ताई, माझा शब्द चोरला आसता तरी मला राग आला नसता. पन आसलं काय सांगू नका."

त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मला बढती मिळाली. मशीन बिघडलं म्हणावं, तर नेमका बरोबर शब्द कसा पडला? पुढे इतकी वर्षं याच क्षेत्रात काढली, पण उत्तर सापडलं नाही. मला दिसल्या त्या फक्त चांदण्या. त्यांचा शब्द काय होता ते मला आजही माहीत नाही, आणि एवढी एकच गोष्ट मला त्यांना पटवून देता आली नाही.