कारल्याच्या वेलाचा बंगला

गोविंद मिस्त्री गेल्याचं पत्र मला मनोरच्या शाळेत मधल्या सुट्टीत मिळालं. वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढच्या तासाला अपूर्णांक शिकवले. त्याला आता महिना झाला. अजून रडू आलेलं नाही...

साठ साली मी तारापूरला मास्तर म्हणून आलो, तेव्हा एका पारशी बंगल्याच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. राणीच्या राज्यात बांधलेला बंगला. छपराच्या कडेला सागवानी नक्षीची झालर, जिन्याला कोरीव कठडे. डागडुजीला येणारे गोविंद मिस्त्री सांगायचे, "माझ्या आज्यानं कोरलंय हे. मालकानं विलायती चित्रांचं पुस्तक दिलं होतं. त्यात द्राक्षाचा वेल. आज्यानं द्राक्ष कधी बघितलंच नवतं. मग कारल्याचा कोरला." मी निरखून पाहिलं. खरंच, कारलीच होती.

चार वर्षांनी मालकीणबाईंनी बंगला विकला. घेणाऱ्याला फक्त जागा हवी होती. लाकूडकाम मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं. ते उतरवायला मिस्त्री स्वतः गेले. मी विचारलं, "तुम्हीच कशाला?"

"दुसऱ्याच्या हातून फुटंल, मास्तर."

अकरा दिवस ते परांचीवर उभे राहून एकेक खिळा काढत होते. एकही पाकळी तुटली नाही. एका फळीच्या पाठीवर आज्याच्या हातची खूण निघाली, गेरूनं काढलेली. ती त्यांनी बराच वेळ धरून ठेवली आणि मग इतर फळ्यांवर रचली.

"ही एक तरी ठेवा," मी म्हणालो. व्यापारीही नको म्हणाला नसता.

"एक काढली तर रांग तुटंल," ते म्हणाले. ट्रक गेला, तेव्हा ते हात धूत होते.

त्यानंतर ते बोईसरकडच्या बांधकामावर लागले. काँक्रीट ओतायचे साचे ठोकायचे आणि सुकलं की उचकटून फेकायचे. माझी मनोरला बदली झाली. भेटी कमी झाल्या. या पावसाळ्यात तापानं चौथ्या दिवशी गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, जानकीवहिनींनी, चहा दिला. जन्मभर लोकांची दारं घडवणाऱ्या माणसाच्या घराला खोक्याच्या फळ्यांचं दार होतं. वरच्या फळीवर पेन्सिलीनं आखलेला एक पक्षी होता. पंख आखलेले, चोच राहिलेली.

"औंदा कोरतो म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "दरसाल म्हणायचे."

मग ओलं फडकं घेऊन त्या दार पुसू लागल्या. पक्ष्याजवळ हात आला, तशी तेवढी जागा सोडून त्यांनी खालची फळी पुसायला घेतली.