पाच नंबरच्या कोठडीतलं उत्तर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरी हे लिहितोय... कारण यात भुतापेक्षा माझीच चूक मोठी आहे.

बहात्तरचा दुष्काळ. मी नगरला बी.एस्सी.ला होतो. पारनेर तालुक्यातल्या एका गावात — नाव मुद्दाम देत नाही — इंग्रजांच्या वेळचा आठ कोठड्यांचा तुरुंग होता. कैदी केव्हाच हलवलेले. आता तिथे दुष्काळी कामाची घमेली-फावडी ठेवत. पण पाच नंबरच्या कोठडीत कुणीतरी पाणी मागतं म्हणे, म्हणून मजूर आत पाऊल टाकेनात. आमचे फिजिक्सचे सर म्हणाले, "चल, तपासूनच बघू."

एका दुपारी सर आणि मी लॅबचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. राखणीला कोंडिबामामा होते. सत्तरीचे, पूर्वी त्याच तुरुंगात शिपाई.

"तुम्ही ऐकलाय का तो आवाज, मामा?"

"मला न्हाई आला कदी," एवढंच बोलून ते दाराशी टेकले.

टेप पाच नंबरमध्ये चालू ठेवला. तासभर काहीच नाही. मला कंटाळा आला... सरांना "जरा जाऊन येतो" म्हणालो, इमारतीच्या मागे गेलो आणि कोठडीच्या झरोक्याला तोंड लावून घोगऱ्या आवाजात बोललो, "पानी... पानी द्या."

नुसती मस्करी हो.

परत आलो तर मामा त्या कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकून हुंदके देत होते. "शिरपा, चुकलो रं!"

सरांनी त्यांना उठवून बसवलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. तीस वर्षांपूर्वी शिरपा नावाचा कैदी तापानं फणफणला होता. "तीनदा हाक मारली त्यानं. किल्ली माज्याच कमरंला हुती. डुलकी लागल्याली... म्हनलं, उठल्यावर देऊ. उठलो तवर त्यो गेल्ता. कुनाला सांगितलं न्हाई मी."

सरांनी मला बाजूला घेतलं. "तू केलंस का हे? केलं असशील तर आत्ता सांग."

"नाही सर."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एकट्यानं टेप लावला. माझा आवाज ओळखू येतो का, एवढंच बघायचं होतं. येत होता, अगदी स्वच्छ. पण त्याच्यानंतर, मामांचं रडणं सुरू व्हायच्या आधी — माइकच्या अगदी जवळून, शांतपणे कुणीतरी बोललं:

"ऱ्हाऊ दे, कोंडिबा. आता तहान न्हाई."

तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. तो सरांचा आवाज नव्हता, मामांचा नव्हता, माझा तर नव्हताच. सर तर तिथेच उभे होते, असं काही ऐकलं असतं तर बोललेच असते.

हे मामांना ऐकवायला हवं होतं. पण आधी माझी मस्करी ऐकवावी लागली असती... मी पूर्ण टेप पुसला. सरांना सांगितलं, रीळ गुंतलं.

दिवाळीनंतर मात्र राहवेना. सगळं कबूल करायचं ठरवून एसटीनं त्या गावी गेलो. मामांच्या सुनेनं दार उघडलं.

"आबा गेले की. महिना झाला." तिनं मला बसायला घोंगडी टाकली. "त्या दिसापासनं रोज मैलभरावरनं कळशी आनायचे आन् त्या कोठडीत ठेवायचे. आमाला प्यायला न्हाई, तरी. लई सांगितलं, ऐकलं न्हाई."

मी घोंगडीवर टेकलो.

"शेवटी शेवटी एकच बोलायचे," ती म्हणाली. "इतकं पानी ठेवलं, पन त्यो येक शबुद बोलत न्हाई माज्याशी."

मला तिलाही सांगता आलं नाही. चहा पिऊन निघालो.

तो आवाज कुणाचा होता, ते मला आजही माहीत नाही. ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्यापर्यंत मी तो पोचू दिला नाही, एवढं मात्र माहीत आहे.