मेटलची पोथी

मला बघायला हे आमच्या गावी, कापड्याला, घरी आले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना बोलायला मागच्या पडवीत पाठवलं. यांनी एकच प्रश्न विचारला. "गाणी ऐकता का?"

"हो. रेडिओवर लागतील ती."

"मी जरा वेगळी ऐकतो. आधीच सांगून ठेवतो."

मला वाटलं, गझल वगैरे असेल. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं, याला गझलचं. चालून जाईल. मी होकार दिला.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. कापड्याहून एसटीने महाडच्या कॉलेजात जाऊन मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. हे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. महाडमध्ये बाजारपेठेच्या अंगाला एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. शिकायला पुण्याला होते तेव्हा हॉस्टेलवरच्या एका मित्राकडून भरून घेतलेली. टेपचं बटण दाबलं. आधी घड्याळाची टिकटिक आली, मग हळूच एक गिटार, आणि मग छप्पर कोसळावं तसं सगळं एकदम. माझ्या हातातलं शेंगा सोलायचं ताट खाली पडलं. एक माणूस गोड आवाजात गात होता आणि मधेच दुसरा कोणीतरी घशातून डरकाळ्या फोडत होता. ठेका धरायला जावं, तर टाळी हवेतच राहायची. सम येईल असं वाटावं तिथे ती यायची नाही, आणि बेसावध असताना यायची.

"याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात," हे म्हणाले. चेहरा असा, की देवघरातून बाहेर आलेत.

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "अरे, तो कोण ओरडतोय त्याला पाणी तरी दे!"

पुढच्या महिन्यात माझी आई आठवडाभर राहायला आली. तिच्यासमोर टेप लावू नका म्हणून मी विनवलं होतं, पण आईनेच जावयाला आग्रह केला. ती भिंतीला टेकून नीट ऐकत बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "गो, ह्याच्या आंगात आलाय. आमच्या वाडीत जत्रंला अंगात येतं ना, तवा असाच आवाज लावतात. पण त्याला कोन इचारत का नाय, बाबा तुला काय पायजे म्हनून?"

हे खो-खो हसले. मला मात्र तो प्रश्न चिकटला. खरंच, याला पाहिजे तरी काय?

"अहो, तो म्हणतोय काय नेमकं?" मी यांना विचारलं.

"मला कुठे कळतंय? इंग्रजी एवढं कळतं तर लॅबमध्ये कशाला असतो! मी ड्रम ऐकतो, गिटार ऐकतो. शब्दांकडे कधी लक्षच दिलं नाही." मग कॅसेटच्या खोक्यात कोंबलेला एक कागद त्यांनी काढून दिला. मित्राने मूळ पुस्तिकेची झेरॉक्स काढून दिलेली होती. अक्षर मुंगीएवढं. यांनी ती इतक्या वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी तो कागद आणि डिक्शनरी घेऊन गॅलरीत बसू लागले. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ही सुटी गाणी नाहीतच. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती एकच गोष्ट आहे.

एक गाव असतं. गावाच्या मधोमध मनोऱ्यावर मोठं घड्याळ असतं, ते बंद पडतं. ते बंद आहे हे सगळ्यांना दिसतं, पण दुरुस्त कोणी करायचं? जो तो आपलं मनगटी घड्याळ आपल्या सोयीने लावतो. होता होता एकाची सकाळ ती दुसऱ्याची संध्याकाळ होते. कुणी कुणाला भेटेनासं होतं. त्या गावात एक कारखान्यात जाणारा माणूस असतो. त्याला वाटतं गाव बिघडलंय. मग त्याला वाटतं आपणच बिघडलोय. कशामुळे काय बिघडलं ते त्याला सांगता येत नाही. तो बोलणं सोडतो, दार लावून घेतो. आणि तो डरकाळ्या फोडणारा दुसरा कोणी नव्हताच. तो त्याच माणसाच्या आतला आवाज होता. गोड आवाजात तो लोकांशी बोलायचा आणि त्या दुसऱ्या आवाजात स्वतःशी.

पहिल्या पाळीहून हे घरी आले. चहा ठेवायच्या आधीच मी सगळं सांगितलं. हे चपला न काढता दारातच उभे राहिले.

"घड्याळं? प्रत्येकाचं वेगळं?"

"हो."

"थांब, थांब." धावत जाऊन त्यांनी टेप लावला, तिसरं गाणं काढलं. "हे ऐक. गिटार चार मात्रांत चाललंय. ड्रम सात मात्रांत. मला कायम वाटायचं हे असं का करतात! दोघांचं एकत्र यायला किती वेळ लागतो बघ." त्यांनी माझे दोन्ही हात धरले, एका हाताने चार मोजायला लावले आणि स्वतः स्टीलच्या डब्यावर सात वाजवू लागले. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा चुकलो. मग एकदा दोघांचा 'एक' बरोबर एका क्षणी पडला आणि मी आनंदाने ओरडलेच. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. आपलं या माणसाशी जमणार, हे मला त्या दिवशी स्वयंपाकघरात, डब्यावर कळलं.

त्यानंतर संध्याकाळी जेवताना मी एकेका गाण्याची गोष्ट सांगू लागले. सासरे आधी पेपरात तोंड घालून बसायचे. मग पेपर खाली आला.

"तो ओरडणारा म्हणजे त्याचं मन? मन इतकं ओरडतं?"

"तुमचं नाही ओरडत?" सासूबाई म्हणाल्या. "बाहेर नुसतं हं-हं करता. पण मला सगळं ऐकू येतं."

सासऱ्यांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "ही काय गाणी नव्हेत, सूनबाई. ही पोथी आहे. पुढचा अध्याय उद्या." आणि दोन दिवसांनी, घास हातात धरून: "पण हे तर आमच्या सोसायटीवरच लिहिलंय!"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्या बिल्डिंगच्या हाउसिंग सोसायटीचे सासरे सेक्रेटरी होते. चेअरमन वरच्या मजल्यावर राहायचे. ते एसटीतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. आमच्या महाडात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरणं नवीन नाही. पाणी चढायला लागलं, की खालच्या पार्किंगमधली पाण्याची मोटर उचलून जिन्यात ठेवायची असते. आदल्या पावसाळ्यात चेअरमनना वाटलं सेक्रेटरी बघतील, सेक्रेटरींना वाटलं चेअरमन बघतील, बाकीच्यांना वाटलं दोघं आहेत ना. मोटर बुडाली आणि जळाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. सूचना फळ्यावर लिहायच्या, त्याखाली दुसऱ्याने उत्तर लिहायचं. चेअरमनकाकू आणि सासूबाई मात्र वाळवणं घालताना गच्चीवर खुशाल बोलायच्या, फक्त नवरे जिन्यात दिसले की गप्प व्हायच्या.

जानेवारीत सोसायटीचा सत्यनारायण असतो. त्या वर्षीही पार्किंगमध्ये मांडव पडला, गुरुजी आले, कथा झाली, आरती झाली. चेअरमन खाली आले नाहीत. काकू एकट्याच येऊन प्रसाद घेऊन बसल्या होत्या. लाउडस्पीकरवाल्याने भक्तिगीतांची कॅसेट लावली आणि ती त्याच्या मशीनने खाल्ली. टेपचा हा गुंता बाहेर आला. दुसरी कॅसेट त्याने आणलीच नव्हती. बायका द्रोण घेऊन गप्प बसलेल्या, पुरुष मोबाइलकडे बघतायत. तेव्हा नवे नवे मोबाइल होते, बघण्यासारखं त्यात काही नसायचं, तरी बघायचे.

सासरे एकदम उठले आणि यांना म्हणाले, "जा, तुझी ती घेऊन ये."

"बाबा, ती? इथे?"

"देवापुढे?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

सासऱ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी कॉफी पीत होते. "पूजा झालेली आहे," ते म्हणाले. "आणि देव काय, तो दिवसभर आपल्या सगळ्यांचं ऐकतोच आहे."

"पण अर्थासकट हवं," सासरे माझ्याकडे बघून म्हणाले. "सूनबाई, तू माइक घे."

कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही मी कधी स्टेजवर गेले नव्हते. पण समोर काकू होत्या, शेजारच्या बायका होत्या, सगळ्या ओळखीच्या. मी माइक धरला आणि म्हटलं, "एक आटपाट नगर होतं. तिथलं घड्याळ बंद पडलं होतं." कहाणीचा तो सूर लागल्यावर बायका आपोआप सरसावून बसल्या. मी थोडं सांगायचे, मग हे थोडं वाजवायचे. पहिली डरकाळी कर्ण्यातून बाहेर पडली तेव्हा समोरच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली आणि गुरुजींच्या हातातली कॉफी हिंदकळली. मी घाईघाईने म्हटलं, "घाबरू नका, ते त्याचं मन आहे." मांडवात हशा पिकला. पुढच्या डरकाळीला कुणी दचकलं नाही. तळमजल्यावरच्या आजी तर म्हणाल्या, "बिचारा!"

अर्धी गोष्ट झाली असेल, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. चेअरमन खाली आले होते. बनियनवर शाल पांघरलेली, चेहरा लाल. आपल्याला त्रास द्यायलाच सेक्रेटरीने हा आवाज लावलाय अशी त्यांची खात्री होती.

सासऱ्यांनी बाजूची खुर्ची पुढे सरकवली. त्यांच्याकडे न बघता, हवेत बोलावं तसं म्हणाले, "गोष्ट चालू आहे. मधे बोलू नये."

सत्यनारायणाच्या मांडवात भांडण कोण करणार? चेअरमन बसले. काकूंनी त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला. मी परत सुरुवात केली, तो माणूस दार लावून घेतो तिथून. शिरा खाता खाता त्यांचा चमचा थांबला तो थांबलाच.

शेवटच्या गाण्यात तो माणूस अखेर दार उघडून बाहेर येतो. गाव अंधारात असतं. तो शेजाऱ्याच्या दारापाशी जातो. त्याला एवढंच विचारायचं असतं, किती वाजले? तो दारावर टकटक करतो. ती टकटक ऐकू येते आणि कॅसेट संपते.

"पुढे?" चेअरमन म्हणाले.

"पुढे काही नाही, काका. एवढंच आहे."

"असं कसं? दार उघडलं की नाही?"

"उघडलं असणार," सासरे म्हणाले.

"कशावरून? तो शेजारी इतकी वर्षं आत बसलाय. त्याचा काय भरवसा?"

"अहो, माणूस स्वतःहून दाराशी आलाय!"

"आला म्हणून काय झालं? आधी का नाही आला?"

"आधी त्याला वाटलं, शेजारी येईल!"

दोघांनाही एकदमच कळलं, की आपण बोलतोय. चेअरमननी शाल सारखी केली. सासऱ्यांनी उगाच घसा खाकरला. मग चेअरमन जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटतं, उघडलं असेल. पण लगेच नाही. जरा वेळ लावला असेल." सासरे म्हणाले, "तेवढा लावू दे की." सासूबाईंनी दोघांसाठी कॉफी पाठवली, आणि मांडववाला खुर्च्या उचलायला आला तरी त्या दोन खुर्च्या काही रिकाम्या होईनात.

सोसायटी एका संध्याकाळीत सुधारली असं मी म्हणणार नाही. चेअरमन आणि सेक्रेटरी नंतरही भांडले, पण समोरासमोर, मोठ्याने आणि मजेत. फळ्यावर फक्त पाण्याच्या वेळा उरल्या.

माझं मात्र त्या दिवसापासून वेगळंच काहीतरी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमनकाकू आमच्या दारात आल्या. आत येऊन बसल्या, पदराशी चाळा केला आणि म्हणाल्या, "त्या ओरडण्यातनं तुला इंग्रजी शब्द लागले. मग मला माझ्या नातवाचे लागतील का गं?" त्यांचा मुलगा दुबईला होता. नातू तिकडच्या शाळेत जायचा आणि फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायचा. काकू नुसतं 'हां बाळा, हां बाळा' म्हणून फोन ठेवायच्या.

"लागतील की," मी म्हटलं.

रोज दुपारी त्या येऊ लागल्या. आठवड्याभरात तळमजल्यावरच्या आजींची सून आली, मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघी. सासूबाई आधी नुसत्या भाजी निवडत ऐकायच्या. एक दिवस कुणालाच येत नसलेलं उत्तर त्यांनी निवडता निवडता दिलं आणि मग त्यांनीही वही केली. पुढे मी जी शिकवणी चालवली ती अशी या बायकांपासून सुरू झाली.

काकूंनी एक वाक्य तर आठवडाभर घोकलं. आज तू काय जेवलास, एवढंच, इंग्रजीत. रविवारी दुबईचा फोन आला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम वर बोलावून घेतलं. फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी ते वाक्य म्हटलं. पलीकडून नातू स्वच्छ मराठीत म्हणाला, "आजी, मी वरणभात खाल्ला."

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून भयंकर चिडून म्हणाल्या, "बघ मेल्याला! आता कुठे मला यायला लागलं, तर हा मराठीत बोलतोय!"