आत काय बोलत असतील?

भावाला दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी हातांची थरथर थांबेल. पुढचं काम गोळ्यांचं नाही. दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग भरते, तिथे न्या यांना." ती कुठे भरते हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. शहाद्यात कुठेतरी, एवढंच.

वहिनीने हात जोडले. भगताकडे जाऊन झालं होतं, सुरतेहून आणलेली पुडी आमटीत घालून झाली होती, देवापुढच्या शपथा तर किती झाल्या. "ताई, आता तुम्ही बघा," ती म्हणाली.

मी नंदुरबारला राहते. मोबाइलवर शोधाशोध करून एक नंबर मिळवला. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "पिणारं कोण? तुम्हीच का?" रागवायचं सोडून मला हसूच आलं. भावासाठी विचारतेय म्हटल्यावर तो म्हणाला, "रविवारी दुपारी या. शाळेच्या मागची खोली. बोर्ड नाही."

रविवारी मी एसटीने शहाद्याला उतरले. भाऊ गावाहून, कळसाडीहून, मोटरसायकलवर आला होता. शाळा सापडली, पण मागे खोल्याच खोल्या. विचारायचं तरी काय? दारुड्यांची मीटिंग कुठे, असं तोंडातून निघेना. शेवटी एका फरसाणवाल्याला विचारलं, "इथे रविवारी काही भरतं का हो?"

"ते किटलीवाले? चहा घेऊन जातात आणि तासभर हसत बसतात. पतपेढीचं काहीतरी असेल."

भाऊ खूश झाला. "नही सापडनं. चाल घर," म्हणत त्याने गाडीला किक मारली. तेवढ्यात मोठी किटली घेतलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस समोरून आला. त्याने भावाकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता किटली त्याच्याच हातात दिली. "धर भाऊ, गरम शे." किटली हातात घेऊन पळता येत नाही. भाऊ त्याच्यामागे चालू लागला.

मला दाराशीच थांबवलं. आतली बैठक फक्त पिणाऱ्यांची. मी ओट्यावर बसले. थोड्या वेळाने आतून खरोखरच हसण्याचा आवाज आला. आमच्या घरात दारूवरून रडणं झालं होतं, भांडणं झाली होती, भांडी फेकून झाली होती. हसणं कधीच नाही. एवढं काय बोलत असतील?

भाऊ बाहेर आला तसं मी विचारलं, "काय बोलतस तठे?"

"तठलं तठेच ऱ्हास," तो म्हणाला. मग चपला घालता घालता थांबला. "पन कोनीच सांगं नही माले, सोडी दे म्हनीसन."

पुढच्या रविवारी तो एकटा गेला असता तरी चाललं असतं. पण मला राहवेना, मीही दर रविवारी जाऊ लागले. ओट्यावर धडगावकडची एक बाई बसलेली असायची. ती घरी पावरी बोलणारी, मी अहिराणी. दोघी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचो. तिने शेंगा काढल्या, मी डब्यातली पोळी. "आत काय चालतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "माझा माणूस घरी बोलतच नाही. इथे बोलतो म्हणे. मला पण ऐकायचं आहे, काय बोलतो."

तशी संधी मिळाली. एका रविवारी घरच्यांनाही आत बोलावलं. मी मागच्या सतरंजीवर बसले. भाऊ बोलायला उठला आणि शाळेत भाषण करावं तसं सुरू झाला, "उपस्थित बंधू-भगिनींनो..." पुढे शब्दच येईनात. किटलीवाले काका म्हणाले, "घरनी भाषामा बोल ना भाऊ."

मग तो बोलला, माझ्याबद्दल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, तशी मीही जायचे. मी आले की हा शेतात निघून जायचा, तो थेट मी परत गेल्यावर यायचा. माझ्या मुलीसाठी त्याने आणलेलं स्थळ आम्ही नाकारलं होतं, त्याचाच राग आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता तो खाली मान घालून सांगत होता, "मन्ही बहिनले वास येवो नको, म्हनीसन मी केळीमा बशी ऱ्हायचो. तठून घर दिसे. ती आंगणमा हसे ते बी ऐकू ये."

मला हुंदका आला. कोणी वळून पाहिलं नाही. बाजूला बसलेल्या धडगावच्या बाईने शेंगांची पिशवी तेवढी माझ्याकडे सरकवली.

सगळं तिथेच सुरळीत झालं नाही. लग्नसराईत तो एकदा घसरला. पण या वेळी तोंड लपवून शेतात गेला नाही. सकाळी स्वतःच काकांना फोन केला आणि रविवारी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर अजून तरी तोंडाला लावलेली नाही. पुढचं त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

आम्ही ओट्यावरच्या बायका आता शेजारच्या खोलीत बसतो. काकांनीच शाळेला विचारून ती उघडून घेतली. मागच्या महिन्यात पहिल्यांदा वहिनी आली. दाराशी उभी राहून पदर सावरत तिने हळूच विचारलं, "ताई, इथे सगळ्यांसमोर रडावं लागतं का?"

"नाही. गप्प बसलं तरी चालतं."

"मग बसते," म्हणाली, आणि धडगावच्या बाईशेजारी जाऊन टेकली.