शेवटचा बॉल कुणाच्या हातात

भाजे गावात कुठल्याही विषयावर बोलायला माणूस मिळतो. आमदाराचं तिकीट असो की घाटात कुणाचा बैलगाडा पहिला येणार हे असो, त्यावर बोलणारे टपरीवर पैशाला पासरी आहेत. गोरखची अडचण नेमकी हीच होती. त्याला बोलायची हौस दांडगी, पण त्यानं तोंड उघडेपर्यंत चार जणांची तोंडं आधीच उघडलेली असायची. बैलांवर बोलावं तर अंबाजी विचारणार, तुझ्या गोठ्यात बैल किती? राजकारणावर बोलावं तर तोच अंबाजी माजी उपसरपंच. म्हणून गोरखनं असा विषय धरला की ज्यात सबंध गावात त्याला आडवा जाणारा कुणी नव्हता. अमेरिकेतलं बास्केटबॉल.

हा विषय त्याला फुकटात मिळाला होता. तो लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्यावर केअरटेकर. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे बंगला भाड्यानं घ्यायचे. मागच्या अंगणात मालकानं खांबाला बास्केटबॉलची रिंग बसवली होती. पाहुणे उतरले की मोठ्या उत्साहानं बॉल टाकायचे, थोड्याच वेळात धापा टाकत खुर्च्यांवर बसायचे आणि मग ग्लास हातात घेऊन वाद घालायचे, की जगात आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, जॉर्डन की लेब्रॉन? गोरख पापड भाजून आणायचा आणि ऐकत उभा राहायचा. एक गोष्ट त्याच्या चटकन ध्यानात आली. या वादात पडायला खेळता यावं लागत नाही. उलट ज्याला रिंगपर्यंत बॉल पोचवता येत नव्हता त्याचंच म्हणणं सगळे कान देऊन ऐकत होते. हा खेळ आपल्याला जमण्यासारखा आहे, असं गोरखला मनापासून वाटलं.

त्यानं जॉर्डनची बाजू घेतली, कारण सगळ्यात मोठ्या गाडीतून आलेला पाहुणा जॉर्डनच्या बाजूचा होता.

पुढचं वर्षभर तो टपरीवरचा राजा होता. सहा वेळा फायनलला गेला आणि सहाही वेळा जिंकला, हे वाक्य तो असं म्हणायचा, की जणू त्या सहाही वेळा घामाचा टॉवेल यानंच हातात दिला होता. लोक चहाचा कप खाली ठेवून मान डोलवायचे. कुणाला काही विचारता येत नव्हतं, आणि गावात एवढा मान दुसऱ्या कशानं मिळत नाही.

मग राजमहंमद आडवा आला. राजमहंमद म्हणजे गोरखचा शाळेपासूनचा जोडीदार, मळवली स्टेशनजवळ राहणारा, स्वतःच्या टेम्पोतून मांडवाचं सामान वाहणारा. गोरखचं हे राजेपण त्याला बघवेना. त्यानं आठवडाभर मोबाइलवर काय बघायचं ते बघितलं आणि एका सकाळी टपरीवर येऊन शांतपणे सांगितलं, की सगळ्यात मोठा लेब्रॉन. वीस वर्षांच्या वर खेळतोय आणि त्याच्याइतके पॉइंट आजवर कुणी केले नाहीत. गोरख म्हणाला, दहा फायनलला गेला आणि चारच जिंकला. राजमहंमद म्हणाला, दहा वेळा पोचला तरी; तू लोणावळ्याच्या पलीकडं किती वेळा पोचलास?

तेव्हापासून गावात दोन पार्ट्या झाल्या. लग्नाच्या पंगतीत जॉर्डनवाले एका बाजूला आणि लेब्रॉनवाले दुसऱ्या बाजूला बसू लागले. मयतीला गेल्यावरसुद्धा सरण नीट पेटलं की हळू आवाजात विषय निघायचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंबाजीनं दोन्ही पार्ट्यांना खासगीत शब्द दिला, की मी तुमचाच. या सगळ्या काळात दोघांपैकी एकाच्याही हाताला बॉल लागलेला नव्हता.

बॉल लागला होता तो गोरखच्या पोरीच्या, सारिकाच्या हाताला. ती लहान असताना गोरख तिला मधल्या वारी बंगल्यावर घेऊन जायचा. बंगला रिकामा असायचा. हा आत सोफ्यावरची चादर झटकता झटकता मोबाइलवर जॉर्डन बघायचा आणि ती मागच्या अंगणात रिंगमध्ये बॉल टाकत बसायची. बॉलच्या आवाजानं मोबाइलमधलं नीट ऐकू येईना, की हा आतून ओरडायचा, "सारे, जरा गप बस की. मला बघू दे."

अशी गप बसत बसत ती लोणावळ्याच्या कॉलेजच्या टीममध्ये गेली, तिथं कॅप्टन झाली, आणि यंदा तिची टीम फायनलला पोचली. आजवर गोरखनं तिची एकही मॅच बघितलेली नव्हती. जायचं नव्हतं असं नाही. कधी बंगल्यावर पाहुणे असायचे, कधी टपरीवर वाद ऐन रंगात आलेला असायचा. सारिका रुसत नसे. पण फायनलच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं बापाला सांगितलं, "पप्पा, हे माझं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या महिन्यात तळेगावच्या कंपनीत लागले की खेळ संपला. उद्या एकदा बघायला या. बाकी काही नको."

तिची आई अनिता नुसती गोरखकडं बघत राहिली. त्यानं ताटावर हात ठेवून शब्द दिला. त्याच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. पोरीची शेवटची मॅच आपण डोळ्यांनी बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

पण भाज्यातला बाप नुसता बघायला कसा जाईल? फ्लेक्स नको? सकाळी टपरीवर गोरखनं फ्लेक्सचा विषय काढला आणि तिथंच गाडी रुतली. मैदानाच्या गेटवर लावायच्या फ्लेक्सवर जॉर्डनचा फोटो असावा असं गोरखचं म्हणणं. तर लेब्रॉन नसेल त्या फ्लेक्सला माझा टेम्पो लागणार नाही, असं राजमहंमदचं. दोघांचे टाकले तर मोठा कुणाचा? डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण? शेवटी अंबाजीनं तोडगा काढला. दोघे बारके, एका मापाचे, आणि मधोमध तो स्वतः हात जोडून. खाली शुभेच्छुकांची रांग. सगळं झाल्यावर फ्लेक्सवाल्यानं विचारलं, पोरीचा फोटो? गोरखनं मोबाइल वरपासून खालपर्यंत चाळला. जॉर्डन उडी मारताना होता, जॉर्डन जीभ काढून होता, जॉर्डन रडताना होता. सारिकाचा बॉल हातात घेतलेला एक फोटो सापडेना. तेव्हा फ्लेक्सवाल्यानंच इंटरनेटवरून बॉल घेतलेली कुठलीतरी सोनेरी केसांची मुलगी उतरवली आणि खाली लिहिलं, भाज्याची कन्या सारिका हिचे हार्दिक अभिनंदन. मॅच अजून व्हायची होती.

फ्लेक्स गेटवर बांधून दोघे आत गेले तेव्हा मॅच अर्धी संपली होती. तरी गोरख खूश होता. आलो ना? तो खालच्या पायरीवर बसला आणि राजमहंमद त्याच्या मागच्या पायरीवर. गोरखनं थोडा वेळ अगदी मन लावून बघितलं. आपली पोर सगळ्यांना हातवारे करून सांगते आणि बाकीच्या ऐकतात, हे बघून त्याचा ऊर भरून आला. त्यानं मागं वळून राजमहंमदला तसं सांगितलंही, आणि वळला तो वळलेलाच राहिला. कारण राजमहंमद म्हणाला, पोरगी लेब्रॉनवर गेली, सगळ्यांना घेऊन खेळते.

हे गोरखला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यानं मैदानाकडं पाठ केली, मोबाइलवर जॉर्डनची क्लिप लावली आणि राजमहंमदच्या नाकासमोर धरली. राजमहंमदनं आपला मोबाइल काढला. आजूबाजूची पोरं उभी राहून ओरडत होती, त्यामुळे गोरखला आवाज आणखी चढवावा लागला. समोरची टीम एका पॉइंटनं पुढं होती आणि काही क्षण उरले होते, हे त्याला नंतर कळलं.

"ह्ये बघ राजा, येकच सांग मला," तो बोट नाचवत म्हणाला. "शेवटच्या टायमाला बॉल हातात हाय. मोठा खेळाडू काय करतो? सोता मारतो. दुसऱ्याला देतो तो मोठा न्हाईच. त्यो भ्यायला."

राजमहंमदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. डोळे मोठे झाले. हातातला मोबाइल खाली गेला.

इतक्या वर्षांत राजमहंमद पहिल्यांदाच निरुत्तर झाला होता. त्याच वेळी सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्या टाळ्या आपल्यालाच आहेत असं गोरखला वाटून गेलं. मग तो वळला. खाली सारिकाच्या टीमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या.

घामानं निथळत, बॉल काखेत मारून सारिका पायऱ्यांपाशी आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की गोरखला तिच्याकडं बघवेना.

"पप्पा, शेवटचा बघितलात?"

"मंग? त्याच्यासाटी तर आलो."

"कसा होता?"

"येक नंबर," गोरख म्हणाला. "जॉर्डनबी असाच मारायचा. समोर कोन हाय न्हाई बघितलंच न्हाईस तू. सरळ मारलास."

सारिकाचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं.

"मी नाही मारला, पप्पा. माझ्यावर दोघी आल्या होत्या. मी यशोधराला पास दिला. तिनं मारला."

गोरखनं राजमहंमदकडं बघितलं. आयुष्यभर पुरेल असा मुद्दा राजमहंमदच्या हातात आयता आला होता. पण तो खाली वाकून, सुटलेली नसलेली बुटाची नाडी बांधत बसला.

परतीला टेम्पोत तिघं पुढंच बसली. सारिका खिडकीशी, गोरख मधे. आपण मैदानापर्यंत येऊनही आलो नाही, हे त्याला कळत होतं, आणि ते पोरीला कसं सांगावं ते कळत नव्हतं. म्हणून त्यानं राजमहंमदलाच विचारलं, "कसा दिला रं तिनं?" राजमहंमदनं स्टिअरिंगवरचा एक हात सोडून दाखवलं, कशी ती उडाली, सगळ्यांना वाटलं मारतेय, आणि हवेतल्या हवेत तिनं बॉल मागं सोडला. गोरखनं पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना राजमहंमदला राहवेना आणि तो म्हणाला, असं फक्त लेब्रॉनच देतो. गोरख म्हणाला, जॉर्डननंसुद्धा फायनलला पास दिलाय. त्यावर राजमहंमद म्हणाला, मघाशी तर देणारा भित्रा होता. दोघांचे आवाज चढले.

मळवलीचं रेल्वे फाटक बंद होतं. टेम्पो थांबला तशी सारिका दार उघडून खाली उतरली. "मी चालत जाते," ती म्हणाली. गोरख बोलता बोलता "बरं" म्हणाला.

आगगाडी धडधडत गेली. गोरखला ऐन त्या वेळी असा मुद्दा सुचला होता, की राजमहंमद चारी मुंड्या चीत झाला असता. त्यानं तो मांडायला हात वर केला आणि समोरच्या काचेतून त्याला रूळ ओलांडणारी सारिका दिसली. बॉल काखेत, मान खाली, एकटीच. फायनल जिंकून आलेली कॅप्टन.

"बोल की," राजमहंमद म्हणाला.

"गप बस जरा," गोरख म्हणाला आणि उतरला.

तिच्यात आणि त्याच्यात बरंच अंतर पडलं होतं. हाक मारली असती तर ती थांबली असती. पण थांबल्यावर तिला काय विचारायचं हे त्याला सुचेना, आणि तो तसाच तिच्या मागं चालत राहिला.