परातींच्या उजेडातला देवदूत

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन दिवसांत, एका डिसेंबरात, सोनईजवळच्या आमच्या वाडीत एकच बोलवा होती. हन्नामावशी घरोघरच्या पितळी पराती गोळा करून नगरच्या मोडवाल्याला घालणार! पितळेला भाव आला होताच, आणि मावशी दारोदार जाऊन बायकांना पराती उन्हात धरायला लावते, हे मी स्वतः पाहिलं होतं. बातमी मी उठवली नाही. चार घरं पुढं पोचवली, एवढंच. शेजारधर्म असतो माणसाला.

खरं म्हणजे मावशीनं एकाही परातीला बोट लावलं नव्हतं. लावू कोण देणार? ख्रिस्ती बाईचा हात लागलेलं भांडं राख लावून घासल्याशिवाय पुन्हा चुलीजवळ न नेणारी घरं होती ती.

हन्नामावशी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची आणि उरलेल्या वेळात गावाला बोलणं शिकवायची. नाताळचं नाटक तिचं: रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत येशूच्या जन्माची बातमी सांगतो, ते. बारदानाचे पंख तिनंच शिवायचे, दाढ्या तिनंच चिकटवायच्या. शाळेत सगळ्या जातींची पोरं होती, त्यामुळं बेथलेहेमच्या मेंढरांत पाटलांचा नातूही बें बें करायचा.

त्या वर्षी रॉकेल मिळेना. जॉर्ज मास्तर म्हणाले, "मावशी, अंधारात देवदूत दिसणार कसा? यंदा राहू द्या."

लग्नाकार्यात ग्यासबत्ती भाड्यानं देणारा मच्छिंद्र पारावर बसला होता. त्यानं तेल नाही म्हणून सांगितलंच, वर दात काढले. "काजवे धरा की, मावशे!"

मावशी पेटली. "नाटक हुनार. न्हाई झालं तर ह्या हन्नानं शाळेच्या वट्यावर पुन्यांदा पाय ठेवला न्हाई म्हनून समज."

आता माघार नव्हती. शाळेचा ओटा उगवतीला तोंड करून, पाठीशी उंच भिंत. दिवस कलला की ओट्यावर गच्च सावली पडायची, पण दोन्ही अंगांना ऊन रेंगाळायचं. त्या उन्हात बायकांनी पराती घेऊन उभं राहायचं आणि देवदूत आला की कवडसे त्याच्यावर टाकायचे, अशी मावशीची शक्कल. बायका कां-कूं करायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "माज्या हाती देऊच नका. तुमची परात तुमीच धरा. इटाळ न्हाई, उपकार न्हाई."

नाताळच्या आदल्या दिवशी सारी वाडी अंगणात लोटली. चिंचेनं घासलेल्या पराती नव्या नवरीसारख्या चमकत होत्या. दिवस कासराभर राहिला. ओट्यावर सावली, मेंढपाळ झोपलेले, आणि मास्तरांच्या टेबलावर मावशीची भाची मरियम पंख पसरून उभी राहिली.

"आता!" मावशी पडद्याआडून ओरडली.

पराती वळल्या. आणि झालं काय, तर लंकाबाईचा कवडसा गेला थेट तिच्या नातवावर. पाटलीणबाईंचा त्यांच्या नातवावर. मुक्ताबाईचा तिच्या झोपलेल्या मेंढपाळावर. ओट्यावर एकेक मेंढरू सोन्याचं झालं, आणि देवदूत राहिला काळोखात!

मच्छिंद्र खदाखदा हसला. "देवदूत हरवला वं, मावशे!"

"अगं लंके, वर! वर धर!" मावशी ओरडली.

"पोरगं दिसाया नको व्हय माजं?" लंकाबाईनं तिथूनच सुनावलं.

ऊन चाललं होतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला.   मग पडदा बाजूला सारून मावशीनं आरोळी ठोकली, "मेंढरं हो! सगळी टेबलावर! देवदूताला चिकटा!"

पोरं उठली, धावली, टेबलावर चढली, मरियमला बिलगली. आणि प्रत्येक परात आपापल्या पोरामागं वळली. सगळे कवडसे एका जागी येऊन मिळाले. मरियम केसांपासून नखांपर्यंत अशी पेटली, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्यात आमची आईही होती. "भिऊ नका!" मरियम म्हणाली, पण तिचाच आवाज कापत होता. दिवस बुडेपर्यंत एकाही बाईनं हात खाली घेतला नाही. मग जो गलका उठला, तो म्हणे शेजारच्या वस्तीला ऐकू गेला.

मच्छिंद्र मुकाट्यानं मावशीपाशी आला. "मावशी, पुढल्या साली माजी ग्यासबत्ती फुकट घिऊन जा. लई उजेड हाय तिचा."

मावशी दाढ्या गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुज्या घरीच. तुज्या बत्तीचा कुठं कोन नातू हाय वट्यावर?"