खालच्या लाईनीचा खुंटा

चिखल्याच्या खाण कॉलनीत क्वार्टरांच्या दोन रांगा, वरची लाईन आणि खालची लाईन. सव्वीस जानेवारीला दोन्हीकडच्या बायकांची रस्सीखेच असते आणि त्या दिवशी सख्ख्या बहिणीही एकमेकींना ओळख देत नाहीत. खालच्या लाईनीत दोराच्या अगदी शेवटी, कमरेला वेढा घेऊन उभी राहायची रत्नमाला मेश्राम. तिला सगळे खुंटा म्हणायचे. तिने एकदा टाचा रोवल्या की दोराची हलायची काय बिशाद! या नावाचा रत्नमालाला भारी तोरा होता.

तो उतरवला तिच्या जावेने. शुभांगी नागपूरची, जीभ साखरेची. दिवाळीच्या सुटीत आली आणि हसत म्हणाली, ताई, खुंटा म्हणजे काही कौतुक नाही हो. झालं! रत्नमालाच्या काळजात चर्र झालं. मग शुभांगीनेच तिला तुमसरच्या एका वजन घटवणाऱ्या बाईकडे नेलं. बाईने हार्मोनचे थेंब दिले. सकाळ-संध्याकाळ थेंब जिभेखाली, आणि दिवसभराचं खाणं म्हणजे उकडलेला पालक, एक अंडं, एक सफरचंद. तेल बंद, साखर बंद आणि भातही बंद. आता बोला! भंडाऱ्याकडच्या माणसाने चार पोळ्या खाल्ल्या तरी तो विचारतो, जेवण कधी आहे?

पण बाई हट्टाची. ब्लाऊज सैल व्हायला लागले तशी आरशासमोरून हलेना. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, शेजारी फोडणी पडली की डोळे भरून यायचे, तरी थेंब चालूच. नवरा गुलाब खाणीतली पाळी संपवून आला की म्हणायचा, भूक नाही. माझ्यापायी बिचारा उपाशी राहतो, असं म्हणून ती गहिवरायची. एक दिवस त्याच्या मिशीत भाताचं शीत दिसलं. गडी रोज पाळीतल्या सोबत्याकडे, तेजरामकडे, पोटभर जेवून येत होता! त्या दिवशी जो तमाशा झाला तो दोन्ही लाईनींनी दारात उभं राहून ऐकला.

जानेवारीत सराव सुरू झाला. रत्नमालाने कमरेला वेढा घेतला, पलीकडून एक हिसका बसला आणि खुंटा उपटला. ती धुळीतून फरफटत गेली. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी.

सत्यभामा म्हणजे खालच्या लाईनीची म्होरकी, वयाने मोठी. तिने हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "रत्ने, तूच उपटली त आमी कोनाच्या भरोशावर ओढाव?"

रत्नमाला तिथेच रडली. हरण्याचं सोडा हो, हरजीत होतच असते. पण या बायकांमधली आपली जागाच गेली असं तिला वाटलं, आणि ते तिला सहन होईना.

सत्यभामाने तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, थेंबांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. थेंबांनी काही होत नाही, म्हणाल्या, तुम्ही उपासाने वाळलात. अशाने पित्ताचे खडे होतात, हृदयावरही येऊ शकतं. वजन उतरवायचंच तर हळूहळू, खाऊन-पिऊन, चालून-फिरून.

घरी गुलाबने स्वतः भात टाकला, आलू-वांग्याची भाजी केली. भाजीला मीठ जास्त झालं होतं, तरी ती गुमान जेवली. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तू वाळली त मले घरच रिकामं वाटून रायलं होतं." लग्नानंतर एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला असेल.

सव्वीस जानेवारीला मैदान फुल्ल. पहिली ओढ वरच्या लाईनीची, दुसरी खालच्या लाईनीची. तिसऱ्या ओढीत रत्नमालाचे पाय सरकायला लागले. अंगात अजून पहिला भार आला नव्हता आणि तिला ते कळत होतं. सत्यभामाने मागे वळून पाहिलं.

"हालत नाई मी," रत्नमाला दातओठ खात म्हणाली. "तुमी ओढा."

ती जवळजवळ जमिनीला टेकली, टाचा मातीत घुसल्या आणि दोर थांबला. मग खालच्या लाईनीने असा झटका दिला की पलीकडच्या बायका भुईमुगाच्या वेलासारख्या ओढल्या गेल्या. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

वरच्या लाईनीची ललिताबाई धापा टाकत आली. "काय खाऊन रायली व तू?"

सामना बघायला नागपूरहून आलेली शुभांगी मोबाईल घेऊन शेजारीच उभी होती. रत्नमालाने पदराने घाम पुसला.

"भात," ती म्हणाली. "पोटभर."